पत्त्यांच्या डावांतून इंग्रजी अक्षरओळख

ज्या घरांत लहान मूल आहे आणि पत्त्यांचा एक कॅट आहे, त्या घरांत इंग्रजी अक्षरओळखीचें पहिलें साहित्य आधींच येऊन पडलेलें आहे. मुलाला एक्का, राजा, राणी आणि गुलाम ओळखतां येत असतील, तर इंग्रजींतलीं चार अक्षरें त्याच्या डोळ्यांना पाठ झालेलींच आहेत. तीं अक्षरें आहेत एवढेंच त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. एक्क्याच्या कोंपऱ्यांत ए, राजाच्या के, राणीच्या क्यू आणि गुलामाच्या जे. पानें हातांत पंख्यासारखीं धरलीं कीं चित्र दिसत नाहीं, कोंपरा तेवढा दिसतो; तरीही पांच वर्षांचें पोर झब्बू खेळतांना राजाच्या जागीं राणी टाकीत नाहीं. हीं अक्षरें कोणीं त्याला फळ्यावर लिहून दाखविलीं नव्हतीं, क्रमानें घोकूनही घेतलीं नव्हतीं. पानें पिसलीं गेलीं, वाटलीं गेलीं, डाव रंगला, आणि ओळख आपोआप पटली.

आणखी एक योगायोग पाहा. इंग्रजी अक्षरें २६. प्रत्येकाचें मोठें आणि लहान अशीं दोन रूपें धरलीं, तर आकार होतात ५२. कॅटांतील पानेंही ५२च. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. पण घरांतल्या एखाद्या जुन्या, कोंपरे झिजलेल्या कॅटावर पांढरा कागद डकवून अक्षरांचा कॅट करावयाचा झाल्यास एकही पान कमी पडत नाहीं आणि जोकर सोडल्यास उरतही नाहीं. हा कॅट कसा करावा, त्यानें कोणते डाव खेळावे आणि मुख्य म्हणजे ते कां खेळावे, ह्याविषयीं आज बोलावयाचें आहे. नभोवाणीवर फळा नसतो, तेव्हां अक्षरांचे आकार शब्दांनींच काढावे लागतील. तेवढें श्रोत्यांनीं चालवून घ्यावें.

आधीं कां हें सांगतों. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवूं लागले. त्यापूर्वीं तें पांचवींत सुरू होई. तोंपर्यंत मुलाची देवनागरी पक्की झालेली असे. आतां सहा वर्षांच्या मुलापुढें दोन लिप्या एकदम येऊन उभ्या राहतात. ह्या अडचणीवर सुशिक्षित घरांनीं योजिलेला उपाय म्हणजे पाठांतर. पाहुणे आले कीं "बाळ, ए-बी-सी-डी म्हणून दाखव" अशी आज्ञा होते आणि बाळ एका दमांत झेडपर्यंत जाऊन पोंचतें. मधलीं एल-एम-एन-ओ-पी हीं पांच अक्षरें तर इतक्या घाईनें, कीं तो एकच लांबलचक शब्द असावा. पाहुणे शाबासकी देतात. त्याच मुलापुढें मोठें आर लिहून "हें कोणतें?" असें विचारलें, तर तें भिंतीवरच्या तक्त्याकडे धांव घेतें आणि ए पासून एकेका अक्षरावर बोट ठेवीत, पुटपुटत, आरपर्यंत येतें. म्हणजे त्याला रस्ता पाठ आहे, पण रस्त्यावरचें एकही घर ओळखीचें नाहीं.

बरें, आर ओळखलें तरी खरी अडचण पुढेंच आहे. बी, ए आणि टी हीं तीन अक्षरें शेजारीं शेजारीं मांडून वाचावयास सांगा. मूल मोठ्या विश्वासानें 'बीएटी' असें वाचतें. त्याचें तरी काय चुकलें? देवनागरींत अक्षराचें जें नांव तोच त्याचा उच्चार. 'क'ला आपण 'क'च म्हणतों, आणि 'कमळ' वाचतांना तोच 'क' उपयोगी पडतो. त्या प्रामाणिक लिपीचा नियम मुलानें दुसऱ्या लिपीला लावला, हें त्याच्या बुद्धीचें लक्षण आहे. पण घरांतलें वडील माणूस कपाळाला हात लावतें, शाळेंत शेजारचीं मुलें हंसतात, आणि आपल्याला इंग्रजी येत नाहीं अशी समजूत सहाव्या वर्षीं मनांत घर करून बसते. ती पुढें दहावीपर्यंत निघत नाहीं हें मीं वर्गावर्गांत पाहिलें आहे. ज्या मुलांच्या घरीं चूक समजावून सांगणारें कोणी नव्हतें, त्यांचें नुकसान सर्वांत अधिक झालें. मठ्ठ म्हणून मागच्या बांकावर बसविलेल्या कित्येक मुलांची मूळ अडचण एवढीच असे, कीं अक्षराचें नांव निराळें आणि त्याचा ध्वनि निराळा, हें त्यांना कोणीं वेळेवर सांगितलें नव्हतें.

हीं नांवें एकदां नीट तपासून पाहण्यासारखीं आहेत. बी, डी, जे, के, पी, क्यू, टी, व्ही आणि झेड ह्या नऊ अक्षरांच्या नांवाच्या आरंभींच त्यांचा ध्वनि आहे. हीं सरळ मनाचीं अक्षरें. एफ, एल, एम, एन, आर, एस, एक्स ह्या सातांच्या नांवांत तो शेवटीं आहे. 'एस'मधला 'ए' सोडून 'स्' तेवढा उचलावा लागतो. सी आणि जी ह्यांच्या नांवांत एक ध्वनि, पण कामावर तीं बहुधा दुसराच घेऊन येतात. एच आणि डब्ल्यू ह्यांच्या नांवांत 'ह्' आणि 'व्' औषधालाही सांपडत नाहींत. वायचें नांव तर 'व'नें सुरू होतें, म्हणून मुलें पुष्कळदां 'व'साठीं वाय लिहून मोकळीं होतात. पांच स्वर राहिले. त्यांच्याकडे पुढें येऊं. सव्वीसांपैकीं अवघीं नऊ सरळ, आणि बाकीच्या सतरांशीं कांहींना कांहीं तडजोड करावी लागते. केवळ नांवें घोकून ती साधणार कशी?

आपल्याला क्रमाचा एवढा मोह कां पडतो, हेंही उघड आहे. आपल्या वर्णमालेचा क्रम शहाणपणानें लावलेला आहे. क-वर्ग कंठांतून निघतो, मग तालव्य, मूर्धन्य, दंत्य असें पुढें पुढें येत प-वर्ग ओठांवर येऊन थांबतो. तो क्रम पाठ करणारें मूल नकळत उच्चारशास्त्रच शिकत असतें. इंग्रजी क्रमाला असा अर्थ नाहीं. तो इतिहासाच्या अपघातांनीं बनलेला आहे. झेड शेवटीं कां? ग्रीकांच्या मालेंत तें पुढच्या बाजूला होतें. रोमन लोकांना त्याची गरज नव्हती, म्हणून त्यांनीं तें काढून टाकलें आणि त्या जागीं सीलाच एक रेघ जोडून तयार केलेलें जी बसविलें. पुढें ग्रीक शब्द लिहिण्यासाठीं झेड परत आणावें लागलें, तेव्हां उशिरां आलेल्या माणसाप्रमाणें तें रांगेच्या शेवटीं उभें राहिलें. असा क्रम शब्दकोश पाहण्यासाठीं लागतो, म्हणून तो शिकवावा. पण आरंभ त्यानें करूं नये.

हा विचार नवा नाहीं. इसवीच्या पहिल्या शतकांतला रोमन शिक्षणशास्त्री क्विंटिलियन ह्यानें, मुलांना अक्षरांचे आकार दाखविण्याआधीं नांवें आणि क्रम शिकवण्याच्या त्या काळच्या रीतीबद्दल नापसंती दाखविली आहे, आणि हस्तिदंती अक्षरें त्यांच्या हातीं खेळावयास द्यावीं असें म्हटलें आहे. पुढें पांचव्या शतकाच्या आरंभीं संत जेरोम ह्यानें लेटा नांवाच्या बाईला तिच्या मुलीच्या शिक्षणाविषयीं पत्र लिहिलें, त्यांतही लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें येतात. शिवाय तो असें सुचवितो, कीं मुलीला क्रम येऊं लागल्यावर तो वारंवार मोडावा, शेवटचीं अक्षरें मधल्यांत आणि मधलीं पहिल्यांत मिसळावीं, म्हणजे ती अक्षरें कानांप्रमाणें डोळ्यांनींही ओळखील. आपल्या भाषेंत ह्याला पत्ते पिसणें म्हणतात! भिंतीवरचा तक्ता पिसतां येत नाहीं; कॅट पिसतां येतो. पत्त्यांचा सगळा गुण ह्या एका गोष्टींत आहे.

इंग्लंडांत जॉन लॉक ह्यानें १६९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथांत ३२ किंवा २४-२५ पैलूंचा एक हस्तिदंती गोळा करून त्यावर अक्षरें चिकटवावीं आणि फांसा टाकावा तसा तो मुलांनीं टाकावा, अशी युक्ति सांगितली आहे. सव्वीसांऐवजीं चोवीस-पंचवीस कां, असा प्रश्न कोणाला पडेल. त्या काळीं आय व जे, तसेंच यू व व्ही ह्या जोड्या पुष्कळ ठिकाणीं एकेकच अक्षर म्हणून मोजल्या जात. लॉकची दुसरी सूचना मला अधिक मोलाची वाटते. तो म्हणतो, आरंभीं गोळ्यावर चारच अक्षरें असावीं, किंवा दोनच. तीं पक्कीं झाल्यावर एकेक वाढवावें. आपण मात्र पहिल्याच दिवशीं सव्वीसच्या सव्वीस अक्षरांचा तक्ता विकत आणतों.

आतां कॅट करण्याकडे वळूं. जुन्या पत्त्यांवर कागद डकवावा, किंवा जाड पुठ्ठा अडीच इंच रुंद व साडेतीन इंच लांब असा कापावा. प्रत्येक पानावर खालच्या बाजूला एक जाड तांबडी रेघ ओढावी आणि अक्षर तिच्यावर बसवावें. ही रेघ शोभेसाठीं नाहीं. देवनागरी अक्षर डोक्यावरच्या रेघेला लोंबतें. इंग्रजी अक्षर पायांखालच्या रेघेवर उभें राहतें, आणि जी, जे, पी, क्यू, वाय ह्यांच्या लहान रूपांचे पाय तिच्याही खालीं जातात. शिवाय पत्ता हातांत फिरतो. रेघ नसेल तर लहान एन उलटें होऊन यू होतें, मोठें एम उलटून डब्ल्यूसारखें दिसतें, आणि पी तर फिरवल्यावर चक्क डी होऊन बसतें. तांबडी रेघ खालीं, हा नियम मुलाला एकदां सांगितला कीं पुन्हां सांगावा लागत नाहीं. पांच स्वर निळ्या शाईनें आणि बाकीचीं अक्षरें काळ्या शाईनें लिहावीं. अक्षर हातानें लिहितों तसें साधें असावें. छापील ए च्या डोक्यावरची टोपी आणि छापील जीचीं दोन वेटोळीं मुलाला पुस्तकांत मागाहून भेटतीलच.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. पानावर देवनागरींत उच्चार लिहूं नये. पालकांना हा मोह हमखास होतो. एस च्या खालीं बारीक अक्षरांत 'स' लिहिलें कीं मुलाला सोपें जाईल असें वाटतें. सोपें जातें हें खरें, पण मुलाचा डोळा ओळखीच्या अक्षराकडेच जातो आणि वरच्या अनोळखी पाहुण्याकडे तें ढुंकूनही पाहत नाहीं. महिनाभर डाव जिंकूनही एस शिकावयाचें राहूनच जातें.

मदत चित्राची घ्यावी, पण चित्र निवडतांना फार जपावें. बाजारांतल्या तक्त्यांची माझी मुख्य तक्रार येथेंच आहे. ते तक्ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठीं ठरलेल्या शब्दांवर बेतलेले असतात. ए च्या शेजारीं सफरचंद असतें. मराठी मूल तें पाहून 'सफरचंद' म्हणतें, आणि ए चा संबंध 'स'शीं जोडला जातो. सी पाशीं मांजर, म्हणजे 'म'. डीपाशीं कुत्रा, म्हणजे 'क'. केपाशीं पतंग, म्हणजे 'प'. एमपाशीं माकड असलें तर तें तेवढें दैवयोगानें बरोबर उतरतें! मूल चित्र ओळखतें, शब्दही बरोबर बोलतें, आणि तरीही चुकीचें शिकतें.

उपाय हातांशीं आहे. आपल्या शहरांतलें मूल शाळेंत जाण्याआधींच शेंकडों इंग्रजी शब्द मराठी म्हणून बोलत असतें. बीला बस, एफला फॅन, जीला गॅस, एचला हेल्मेट, जेला जीप, एलला लाईट, एमला मोटार, पीला पेन, आरला रबर, एसला सोफा, टीला टेबल. हीं चित्रें पाहून मुलाच्या तोंडून तोच शब्द बाहेर पडतो आणि त्याचा आरंभही बरोबर असतो. व्ही आणि डब्ल्यू ह्यांच्या बाबतींत तर मराठी लेखनानें आपलें काम आधींच करून ठेवलें आहे. आपण 'व्हॅन', 'व्हायोलिन' असें लिहितों आणि 'वायर', 'वॉर्ड' असें लिहितों. 'व्ह' दिसला तेथें व्ही आणि नुसता 'व' दिसला तेथें डब्ल्यू, ही खूण बहुतेक शब्दांत उपयोगी पडते. एक्ससाठीं आरंभाचा शब्द शोधीत बसूं नये. तें बहुधा शब्दाच्या पोटांत किंवा शेवटीं नांदतें. टॅक्सी आणि बॉक्स ह्यांवर काम भागतें.

स्वरांचेंही तसेंच. त्यांचा आखूड ध्वनि शब्दाच्या आरंभीं शोधण्यापेक्षां मध्यें शोधावा: ए बॅटमधलें, ई पेनमधलें, आय पिनमधलें, ओ बॉक्समधलें आणि यू बसमधलें. ह्यांतलें शेवटचें मुलाला विचित्र वाटतें, कारण यू म्हटलें कीं त्याला 'उ'ची आठवण होते आणि 'बस'मध्यें तर 'अ' ऐकूं येतो. तो विचित्र आहेच. त्याला तसें मोकळेपणानें सांगावें. मुलांना लबाडी आवडत नाहीं, पण विचित्र गोष्टी फार आवडतात.

पहिला कॅट सहाच अक्षरांचा असावा. इंग्लंडच्या शिक्षणखात्यानें २००७ सालीं काढलेल्या एका हस्तपुस्तिकेंत पहिलीं सहा अक्षरें एस, ए, टी, पी, आय, एन अशीं घेतलीं आहेत, आणि तीं आपल्यालाही सोयीचीं आहेत. त्यांत लहान बी व डी ह्यांचा घोटाळा नाहीं, दोन स्वर आहेत, आणि पिन, पॅन, टिन असे घरगुती शब्द लगेच जुळतात. प्रत्येक अक्षराचीं चार पानें करावीं, दोन मोठीं आणि दोन लहान. म्हणजे कॅट २४ पानांचा झाला.

पहिला डाव जोड्यांचा. प्रत्येक अक्षराचें एक मोठें आणि एक लहान, अशीं बारा पानें उपडीं मांडावीं. पाळीपाळीनें दोन पानें उलटावीं. जोडी जुळली तर उचलावी, नाहीं तर जागच्या जागीं उपडीं ठेवावीं. नियम एकच: ध्वनि म्हटल्याखेरीज जोडी उचलावयाची नाहीं. 'एस' असें नांव घेतलें तर तें चालत नाहीं. सापासारखा 'स्स्' करावा लागतो. ह्या डावांत लहान मुलें मोठ्यांना पुष्कळदां हरवतात. मुद्दाम हरण्याची गरज पडत नाहीं.

दुसरा डाव आपला भिकार-सावकार. दोघांनीं बारा-बारा पानें घेऊन आळीपाळीनें एकावर एक सुलटीं टाकावयाचीं. खालच्या पानावर तेंच अक्षर, मोठें असो कीं लहान, पडलें कीं टाकणाऱ्यानें ध्वनि म्हणून सगळी रास घ्यावयाची. त्यानें चुकीचा ध्वनि म्हटला आणि दुसऱ्यानें बरोबर म्हटला, तर रास दुसऱ्याची. अक्षरें थोडीं कां घ्यावीं हें येथें हिशेबानेंच कळतें. सव्वीस अक्षरांच्या ५२ पानांत प्रत्येक पानाचा जोडीदार एकच. तो लगेच वर येण्याचा संभव ५१त १. सहा अक्षरांच्या २४ पानांत जोडीदार तीन, म्हणजे संभव २३त ३, जवळजवळ आठांत एक. पहिल्या कॅटानें मूल कंटाळून उठून जाईल. दुसऱ्यानें तें जागचें हलणार नाहीं.

तिसरा डाव माझ्या मतें सर्वांत गुणकारी. त्याला आपण नॉट-अॅट-होम म्हणतों. तिघांचौघांना पानें वाटावीं आणि एका अक्षराचीं चारही पानें जमविणाऱ्यानें तीं खालीं मांडावीं. ज्याची पाळी त्यानें कोणालाही विचारावें: "आजी, तुझ्याकडे 'प्' आहे का?" असेल तर आजीनें आपल्याजवळचे सगळे पी मुकाट्यानें द्यावे, नसेल तर "नॉट अॅट होम" म्हणावें, आणि पाळी आजीची. विचारणारानें ध्वनीनेंच विचारलें पाहिजे. 'पी' असें नांव घेतलें कीं पाळी गेली. ह्या एका नियमानें जें काम होतें तें महिनाभराच्या पाढ्यानें होत नाहीं. शब्दांतून ध्वनि वेगळा काढून तोंडानें म्हणणें आणि दुसऱ्यानें म्हटलेला ध्वनि ऐकून हातांतलीं अक्षरें धुंडाळणें, वाचन आणि लेखन ह्यांचीं हींच दोन बीजें आहेत. इंग्रजी न शिकलेली आजी घरांत असेल, तर तिला आग्रहानें खेळावयास बसवावें. ती आणि नातवंड एकाच बांकावर असतात, आणि आजीला शिकविण्याची संधि मूल सोडीत नाहीं.

सहा अक्षरें पक्कीं झालीं कीं शब्द जुळविण्याचा डाव. पांच-पांच पानें हातांत, बाकीचीं मध्यें उपडीं. तीन पानांचा शब्द जुळला तर तो खालीं मांडावा, नाहीं तर एक पान उचलून एक टाकावें. येथें मराठी मुलाचा एक विशेष नजरेस येतो. तें 'पिन' जुळवितांना पी आणि एन मांडतें आणि समाधान पावतें. 'कमल' लिही म्हटलें तर के, एम, एल लिहितें. देवनागरींत व्यंजनाच्या पोटांत 'अ' बसलेलाच असतो आणि बाकीचे स्वर त्याला काना-मात्रा होऊन चिकटतात. स्वराला रांगेंत स्वतंत्र जागा द्यावी लागते हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून निळी शाई. निळें पान नसलेला शब्द मांडतां येणार नाहीं, एवढा नियम केला कीं व्याकरण न सांगतां गोष्ट उमजते.

पुढें दर पंधरवड्यास चार-पांच अक्षरें वाढवावीं आणि पक्कीं झालेलीं बाजूला काढावीं. लहान बी आणि लहान डी एकाच वेळीं कॅटांत येऊं देऊं नयेत; मध्यें निदान तीन आठवडे जावे. बीसाठीं माझी खूण अशी: आधीं उभी बॅट, मग बॉल. डीसाठीं आधीं वाटोळा डफ, मग उभी काठी. क्यूचें पान करतांना त्याच्यापुढें यू लिहूनच करावें, कारण साध्या शब्दांत तें एकटें फिरत नाहीं. सी आणि जी प्रथम 'क्' आणि 'ग्' म्हणूनच शिकवावीं. त्यांचें दुसरें रूप दाखविण्याची वेळ आली कीं दोनच शब्द पुरतात, आणि दोन्ही आपल्या घरांतलेच: सर्कस आणि गॅरेज. सर्कसमध्यें पहिलें सी 'स्' म्हणतें आणि दुसरें 'क्'. गॅरेजमध्यें पहिलें जी 'ग्' म्हणतें आणि दुसरें 'ज्'. एकाच शब्दांत एकच अक्षर दोन सोंगें घेतें हें पाहून मुलें खूष होतात.

एवढें झाल्यावर नांवें शिकवावीं. तीं अर्धींअधिक त्याला येतच असतात: एस. टी.च्या गाडींतून तें गांवीं गेलेलें असतें, टी. व्ही. पाहत असतें. आणि क्रम सर्वांत शेवटीं, बदाम-सातनें. आतां ५२ पानांचा पुरा कॅट बाहेर काढावा आणि चौघांना तेरा-तेरा पानें वाटावीं. ज्याच्याकडे मोठें एम असेल त्यानें तें मध्यें ठेवावें. एम तेरावें असल्यानें बरोबर मधोमध बसतें. मग एका बाजूला एल, के, जे असें मागें आणि दुसऱ्या बाजूला एन, ओ, पी असें पुढें लावीत जावयाचें. लहान अक्षरांची दुसरी रांग लहान एमपासून. जवळ लागणारें पान नसेल तर पाळी सोडावी. हात प्रथम रिकामा करणारा जिंकला. येथें मुलाला एलच्या मागें काय येतें हेंही सांगावें लागतें, आणि गाण्यानें तें कधींच येत नाहीं, कारण गाणें उलट म्हणतां येत नाहीं. आपल्या बालवाड्यांतून म्हटलें जाणारें तें गाणें १८३५ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें छापलें गेलें, आणि त्याची चाल त्याहून जुनी, फ्रेंच आहे. चाल गोड आहे. ती जरूर म्हणावी, पण बदाम-सात येऊं लागल्यावर.

पत्त्यांचें नांव काढल्याबरोबर कांहीं घरांत वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. जुगाराचा तिटकारा योग्यच आहे. पण येथें पैसा नाहीं, पैज नाहीं, आणि डाव वीस मिनिटांचा. मुलानें "आणखी एक" म्हटलें कीं कॅट आवरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं काढावा. मुलाला देवनागरी वाचावयास बसविण्याची वेळ मात्र ह्यासाठीं कापूं नये. दोन लिप्यांना दिवसाचे दोन निराळे प्रहर द्यावे.

पानें मळतील, हरवतील. हरवलेल्या पानाच्या जागीं नवें पान मुलालाच लिहूं द्यावें. खालची तांबडी रेघ तेवढी आधीं आपण ओढून द्यावी.